‘बूदिती’ : एका क्रियापदाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, बेलग्रेड

वहीतलं सदतिसावं क्रियापद आज हातात घेतलं: बूदिती. अर्थ, झोपलेल्याला जागं करणे.

वही मराठी माणसासाठी आहे. प्रत्येक क्रियापदाला एक पान. त्यावर रूपं, रोजच्या वापरातली दोन-तीन वाक्यं आणि शेवटी त्या शब्दाचं कूळ. ही भाषा आज सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि मॉन्टेनेग्रिन अशा चार नावांनी नांदते. क्रियापदाच्या पानापुरती मी ती एकच धरते आणि फरक पडतो तिथे तो लिहिते. इथे कामाला आलेली आपली मुलं एका खोलीत चार-चार जणं राहतात, पाळ्या वेगवेगळ्या. ‘मला पाचला उठव’ हे वाक्य त्यांना पहिल्या आठवड्यातच लागतं, म्हणून हे पान लवकर व्हायला हवं.

वर्तमानकाळ सरळ आहे. मी उठवते: बूदिम. तू: बूदिश. तो, ती: बूदी. आम्ही: बूदिमो. तुम्ही: बूदिते. ते: बूदे. सर्वनाम लावायची गरज नाही, शेपटावरूनच कळतं कोण ते. आपल्याकडेही ‘उठवतो’, ‘उठवतेस’ म्हटलं की ‘मी’, ‘तू’ गाळून चालतं, त्यामुळे ही सवय मराठी जिभेला जड जाणार नाही. ‘द’ अगदी आपला दाती ‘द’. इंग्रजीतून ही भाषा शिकणाऱ्यांना त्यासाठी जीभ वळवावी लागते, आपल्याला नाही.

६ नोव्हेंबर

आज रूपं तपासताना एका जागी अडले आणि दुपार त्यातच गेली.

‘असणे’ या क्रियापदाचीही (बिती) काही रूपं ‘बुद-’ पासून होतात. बुदेम, बुदेश, बुदे. आज्ञार्थ बुदी, म्हणजे ‘अस’, ‘हो’. ‘बुदी दोबार’ म्हणजे ‘चांगला वाग’, हे आई मुलाला दिवसातून दहादा सांगते. आता ‘उठव’चा आज्ञार्थ बूदी आणि ‘अस’चा आज्ञार्थ बुदी. ‘ते उठवतात’ म्हणजे बूदे आणि ‘तो असेल’ म्हणजे बुदे. सिरिलिकमध्ये लिहा नाहीतर लॅटिनमध्ये, दोन्ही जोड्या अक्षरशः एकसारख्या दिसतात. फरक आहे तो स्वराच्या लांबीचा आणि सुराचा. उठवण्याचा ऊ लांब, असण्याचा उ आखूड. त्यांच्या रोजच्या लिखाणात ही लांबी दाखवतच नाहीत. बोलणाऱ्याला ती ठाऊकच असते.

आणि देवनागरीत ती आपोआप दिसते! ऱ्हस्व आणि दीर्घ उकार आपल्याकडे शाळेपासून आहेत. हे लक्षात आल्यावर मी मागच्या छत्तीस पानांतले उच्चार पुन्हा बघायला घेतले आणि जिथे ऊ लांब आहे तिथे दीर्घ उकार दिला. एरवी मराठी शुद्धलेखनातले ऱ्हस्व-दीर्घ लोकांना जाच वाटतात. इथे ते परक्या भाषेच्या कामाला आले, आणि तेही तिच्या दोन्ही लिप्यांना जे जमत नाही त्या कामाला.

कुळाचं म्हणाल तर ‘बुदेम’ हा ‘भू’ धातूचा. भवति, होइ, आपलं होणे. त्याचा ‘बूदिती’शी काही संबंध नाही.

९ नोव्हेंबर

जिन्यात समोरच्या घरात एक आजी राहतात. मूळच्या हर्झगोव्हिनातल्या, म्हणजे बोस्नियाच्या दक्षिण भागातल्या, त्रेबिन्येच्या बाजूच्या. इथे वयाने मोठ्या बाईला ‘तेता’ म्हणतात, म्हणजे मावशी किंवा आत्या. मीही तेताच म्हणते. त्या मला ‘दूशो’ म्हणतात, शब्दशः ‘जिवा’. मी त्यांच्याशी ‘वी’ने बोलते, म्हणजे तुम्ही, त्या माझ्याशी ‘ती’ने, म्हणजे तू. आपल्या घरात चालतं तसंच.

काल रात्रपाळी करून आले होते, म्हणून त्यांच्या दारात चिठ्ठी ठेवली: ‘नेमोय्ते मे प्रोबूदिती’. मला लिहायचं होतं, ‘मला उठवू नका’. संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी समोर धरली आणि म्हणाल्या, दूशो, व्याकरण बरोबर आहे, पण मी काय मुद्दाम उठवणार होते, का चुकून?

गंमत अशी की या भाषेत बहुतेक प्रत्येक क्रियेची दोन क्रियापदं असतात. एक चालू असलेल्या, पुन्हापुन्हा होणाऱ्या कामाचं, दुसरं पुरत्या झालेल्या कामाचं. ‘बूदिती’ पहिलं, ‘प्रोबूदिती’ दुसरं. गजर मला रोज सहाला उठवतो: बूदी. उद्या मला सहाला उठव: प्रोबूदी. ‘नको’ म्हणताना मात्र साधारणपणे पहिलं वापरतात: ‘नेमोय्ते मे बूदिती’. ‘नको’बरोबर दुसरं वापरलं की सूर बदलतो, तो ‘बघा हं, चुकून उठवून ठेवाल’ असा होतो. तान्ह्या बाळाच्या खोलीत जाणाऱ्याला सांगावं तसा.

मराठीत हा फरक आहे, फक्त तो क्रियापदाच्या डोक्यावर नसून शेपटीला आहे. उठवणे आणि उठवून ठेवणे, उठवून बसणे, उठवून टाकणे. पानावर मी ‘पूर्ण’ आणि ‘अपूर्ण’ अशा पाट्या न लावता ही वाक्यंच लिहिली. मराठी माणसाला ‘उठवून ठेवलंस ना पोराला!’ ऐकताच कळतं काम कसं झालं ते.

१२ नोव्हेंबर

आज कार्तिकी एकादशी. सकाळी आईचा फोन, इथे सहा वाजलेले, तिकडे साडेदहा. आमचं घर बार्शीचं, पंढरपूर जवळच. ती म्हणाली, आज देव उठले, तू उठलीस का?

फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. आजच्या एकादशीचं नाव प्रबोधिनी. आषाढात शयनी, देव झोपतात, चार महिन्यांनी प्रबोधिनी, देव जागे होतात. आणि माझ्यासमोर वही उघडी, पानाच्या मथळ्यावर लिहिलेलं ‘प्रोबूदिती’.

बुध् धातूचा प्रयोजक संस्कृतात ‘बोधयति’, म्हणजे जागं करतो, जाणीव करून देतो. आधी ‘प्र’ लावला की प्रबोधयति. स्लाव्ह भाषांतला, म्हणजे या भाषेच्या घराण्यातला, ‘प्रो’ तोच ‘प्र’ आहे, ‘बूद’ तोच ‘बोध’ आहे, आणि ‘-ती’च्या आधीचा इ हा ‘-अय-’चा वंशज आहे, प्रयोजकाचा. एकेक तुकडा जुळतो. दोन्हीकडच्या लोकांनी तो ‘प्र’ आपापल्या घरी स्वतंत्रपणे लावला असेल हेही शक्य आहे, दोन बहिणींनी वेगवेगळ्या गावांत एकाच वाणाची साडी घ्यावी तसं. पण कापड एकाच मागावरचं.

मात्र अर्थाची वाट फुटली. इथे तो शब्द अंथरुणाजवळच राहिला. आई पोराला, गजर आईला, मांजर घरमालकाला ‘प्रोबूदिती’ करते. आपल्याकडे बुध् माजघरातून देवघरात गेला आणि तिथून सभेत. बोध, बुद्धी, बुद्ध, प्रबोधन. झोपेतून जागं होण्याचं काम जागणे आणि उठणे यांनी घेतलं. ‘आईने मला प्रबोधित केलं’ याचा अर्थ मराठीत कुणी ‘पाचला उठवलं’ असा घेणार नाही. फक्त या एका एकादशीच्या नावात तो जुना, साधा, झोपमोडीचा अर्थ जसाच्या तसा राहिला आहे, आणि जागा कोण होतो तर विठोबा.

आज पानावर दुसरं काही लिहिलं नाही.

१५ नोव्हेंबर

कुळाचा भाग लिहायला बसले. इथे एक सापळा आहे, त्यात मी पहिल्या दिवशी स्वतः सापडले होते.

‘बूद’ दिसायला ‘बुध’सारखा आहे, म्हणून वाटतं उ म्हणजे उ. तसं नाही. संस्कृतात बुध् ला गुण झाला, म्हणजे उ चा ओ झाला, की बोध् होतो. संस्कृत आणि स्लाव्ह भाषा जिच्यापासून झाल्या त्या आदिभाषेतही अशीच जोडी होती, एक आखूड ‘उ’ची, एक ‘ओउ’ची. संस्कृतात ‘ओउ’चा ओ झाला, स्लाव्ह भाषांत त्याचा ऊ झाला. म्हणजे इथला ‘बूद’ हा आपला बोध आहे. मग आपल्या ‘बुध’चा, त्या आखूड उ चा इथे काय झाला? तो झिजला. इतका आखूड झाला की एक पुटपुटता अर्धा स्वर उरला, आणि मग काही जागी तो पार गेला आणि काही जागी त्याचा आ झाला.

पार गेला ते क्रियापद म्हणजे ब्देती, जागत राहणे, पहारा देणे. ब आणि द यांच्यात काही उरलंच नाही. तेता हर्झगोव्हिनाच्या, त्या ‘ब्द्येती’ म्हणतात. बेलग्रेडचे लोक ‘ब्देती’. एकाच जिन्यात दोन्ही ऐकू येतात. रूपं: इकडे ब्दीम, ब्दीश, ब्दी, क्रोएशियन प्रमाणभाषेत ब्दियेम, ब्दियेश, ब्दिये. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसून राहण्याला हाच शब्द, ‘ब्देती नाद’, म्हणजे ‘त्याच्यावर जागणे’. देवळातल्या रात्रीच्या उपासनेला ‘ब्देनिये’ म्हणतात. आपला जागर.

झिजलेल्या स्वराची ही गोष्ट पटवायला मी पानावर ‘झोप’ लिहिली. झोप किंवा स्वप्न म्हणजे सान, आणि ‘झोपेचा’ म्हणायचं तर स्ना. तोच शब्द, एकदा आ आहे, एकदा काहीच नाही. तो आपल्या ‘स्वप्न’च्याच घरातला. ‘सान’ आणि ‘स्ना’ एकदा कानात बसलं की ‘बाद-’ आणि ‘ब्द-’ आपोआप बसतं. ‘बाद-’ कुठे येतो, ते डिसेंबरात लिहीन. त्याचे दिवस यायचे आहेत.

१६ नोव्हेंबर

कालच्या नोंदीला जोडून थोडं. ‘बुद-’, ‘बूद-’ किंवा ‘बाद-’ने सुरू होणारं सगळं या घरातलं नाही. बुदाला म्हणजे मूर्ख, तो तुर्कीतून आलेला मूळ अरबी शब्द. बूदिम म्हणजे बुडापेस्टमधल्या बुडाचं इथलं नाव. बादेम म्हणजे चक्क आपला बदाम, दोघांकडे फारसीतूनच आला. बूदान म्हणजे जागा आणि बूदिल्निक म्हणजे गजराचं घड्याळ, हे मात्र घरचे. क्रोएशियात गजराच्या घड्याळाला बूदिलित्सा म्हणतात.

बूद्नित्सा या शब्दाला एक ओळ द्यावीच लागेल. १८३० च्या दशकात क्रोएशियात ल्युदेवित गाय आणि त्यांच्या साथीदारांची इलिरियन चळवळ उभी राहिली. तेव्हा देशाला जागं करणारी जी गाणी लिहिली गेली त्यांना बूद्नित्सा म्हणतात. आजही १ मेच्या पहाटे क्रोएशियातल्या गावोगावी बँड वाजवत फिरतो, त्यालाही हेच नाव. म्हणजे इथेही हा शब्द एकदा अंथरुणातून उठून चौकात गेला होता. आपल्याकडे १९२१ मध्ये केशव सीताराम ठाकरे यांनी पाक्षिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं प्रबोधन. एकाच धातूने दोन ठिकाणी एकच काम केलं.

२१ नोव्हेंबर

भूतकाळ. बूदियो (तो), बूदिला (ती), बूदिलो (ते). अनेकवचन बूदिली, बूदिले, बूदिला. मराठी कानाला हे घरचं वाटतं: उठला, उठली, उठलं. ल आणि लिंग दोन्ही आहेत. आपला ल प्राकृतातल्या ‘इल्ल’वरून आला, त्यांचा वेगळा आणि जुना आहे. तेव्हा नातं सांगू नये, पण पाठ करायला मदत जरूर घ्यावी. पुल्लिंगी ‘बूदियो’त ल दिसत नाही कारण शब्दाच्या शेवटच्या ल चा ओ झाला. पूर्वी तोही ‘बूदिल’च होता. शहराच्या नावातही तेच झालं, बेओग्राद, म्हणजे पांढरा किल्ला. पहिला शब्द मूळचा ‘बेल’.

आता जिथे मराठी माणूस हमखास चुकतो ती जागा. मी स्वतः लिहिलं होतं: ‘मायका ये प्रोबूदियो सीना’, आईने मुलाला उठवलं. तेतांनी पेन घेऊन ‘प्रोबूदियो’ खोडलं आणि वर ‘प्रोबूदिला’ लिहिलं. आई उठवते ना, मग ती बाई आहे!

माझ्या डोक्यात मराठी चाललं होतं. ‘आईने आंबा खाल्ला’, क्रियापद आंब्याच्या मागे जातं. भूतकाळात आई ‘ने’ लावून बाजूला उभी राहते आणि कर्म पुढे येतं. या भाषेत तसं कधीच होत नाही. कर्ता बाई तर क्रियापद बाईचं, मुलगा असो, मुलगी असो, आंबा असो. पानावर हा नियम चौकटीत घातला. अख्ख्या वहीतली ही पहिली चौकट. गेल्या छत्तीस पानांत ती का घातली नाही याचं वाईट वाटतं. उद्यापासून मागे जाऊन घालणार.

‘मला जाग आली’ हे त्यांच्याकडे ‘प्रोबूदिला साम से’, शब्दशः ‘मी स्वतःला उठवलं’. आपल्याकडे जाग येते, ती बाहेरून चालत येते आणि मला भेटते. इथे माणूस स्वतःच स्वतःला उठवतो. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवली, स्पष्टीकरण दिलं नाही. आणि अंथरुणातून उभं राहणे हे वेगळंच क्रियापद: उस्ताती. आपल्या ‘उठणे’त उत् आणि स्था आहे, त्यांच्या ‘उस्ताती’तही स्था आहे. ‘मी सहाला उठले’ म्हणजे डोळे उघडले की पाय जमिनीला लागले, हे मराठीत एकाच शब्दात चालतं. इथे ठरवून बोलावं लागतं.

२९ नोव्हेंबर

कर्मणी रूप: बूजेन, उठवलेला. नाम: बूजेन्ये, जागं होणं, जागं करणं. ‘द’चा ‘ज’ झाला, कारण त्यापुढे य आला.

या ‘ज’साठी सर्बियन भाषा-सुधारक वूक काराजिच यांनी १८१८ मध्ये व्हिएन्नात छापलेल्या कोशात सिरिलिकचं स्वतंत्र अक्षर वापरलं. लॅटिनमध्ये ते पुष्कळ नंतर आलं. नोव्ही सादला जन्मलेले जूरो दानिचिच झाग्रेबच्या अकादमीचा मोठा कोश करत होते, त्याचा पहिला भाग १८८० चा. त्यांनी लॅटिन द (d) च्या दांड्याला आडवी रेघ मारून हे अक्षर सुचवलं. एका ध्वनीसाठी एक अक्षर, हा वूकचा आग्रह त्यांनी दुसऱ्या लिपीत नेला.

रात्री दिवा मालवताना सुचलं आणि परत उठून लिहिलं. ‘द’ला किंवा ‘ध’ला य भेटला की ज होतो, हे आपल्याकडेही झालेलं आहे. मध्य, मज्झ, आणि मग माजघरातला माज. त्यांच्याकडे तोच शब्द मेजा, म्हणजे शेताची हद्द, दोघांच्या मधली रेघ, आणि मेजू, म्हणजे मध्ये. मुरा आणि द्रावा या नद्यांमधल्या उत्तर क्रोएशियातल्या प्रदेशाचं नाव मेजिमुर्ये.

आणि मग बुध्यते. सम्बुध्यते. संबुज्झइ. समजणे.

दिवसातून शंभरदा म्हणतो ते ‘समजलं’. बोध, बुद्ध हे शब्द संस्कृतातून उचलून आणलेले, पोथीतले. ‘समजणे’ मात्र तोंडातोंडी झिजत आपल्यापर्यंत चालत आलं, ‘ध्य’चा ‘ज’ करत. अगदी इथल्या ‘बूजेन’सारखं. बूदिती म्हणजे कुणाला झोपेतून बाहेर काढणं आणि समजणं म्हणजे स्वतः झोपेतून पुरतं बाहेर येणं. गणित सुटल्यावर मुलाचे डोळे कसे होतात ते ज्याने पाहिलंय त्याला हे नातं सिद्ध करून दाखवायची गरज नाही.

२४ डिसेंबर

क्रोएशियात आज बाद्न्याक, नाताळची आदली रात्र. इथे ऑर्थोडॉक्स चर्चचं जुनं पंचांग, म्हणून इथला बाद्न्याक ६ जानेवारीला. राखून ठेवलेला ‘बाद-’ तो हाच. बाद्न्यी दान, जागण्याचा दिवस. बाद्न्ये वेचे, जागण्याची संध्याकाळ. त्या रात्री चुलीत घालतात तो ओकचा ओंडकाही बाद्न्याकच. तो जळत असेपर्यंत घरातल्यांनी जागायचं, म्हणून हे नाव. ‘बुध’चा आखूड उ इथे आ होऊन उभा राहिला.

रशियन अभ्यासक व्लादिमीर तोपोरोव यांनी या नावाला दुसरं कूळ सुचवलं होतं: वेदातला अहिर्बुध्न्य, तळाशी राहणारा सर्प. पंचांग बघणाऱ्यांना उत्तरा भाद्रपदाची देवता म्हणून तो माहीत असतो. ओंडका म्हणजे तो सर्प आणि आग त्याला संपवते, असं ते मांडणं. कल्पना मोठी आहे, पण मला जागरणाचंच कूळ पटतं. ते लोकांच्या कृतीत आहे, रात्रभर कुणीतरी खरोखर जागत असे. शिवाय ब्देती आणि ब्देनिये हे सख्खे शब्द शेजारीच बसलेले आहेत.

६ जानेवारी २०२५

सकाळी तेतांबरोबर कालेनिच बाजारात गेले. ओकच्या फांद्यांच्या जुड्याच जुड्या. वाळकी, तांबूस, पण फांदीला घट्ट धरून बसलेली पानं, मध्ये गव्हाचं काड बांधलेलं. तेतांनी तीन जुड्या हलवून बघितल्या. जिची पानं सर्वांत जास्त वाजली ती घेतली.

घरी जेवणाच्या टेबलाखाली काड पसरलं. तेता ‘क्वो, क्वो’ करत पुढे आणि त्यांची दोन नातवंडं ‘पियू, पियू’ करत मागे, कोंबडी आणि तिची पिल्लं. खोलीच्या चार कोपऱ्यांत अक्रोड टाकले. जेवण उपासाचं: मासा, भाजलेला घेवडा, सुकी फळं. या उपासात मासा चालतो हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

संध्याकाळी संत सावाच्या मंदिरासमोर मोठी आग केली होती. माणसं आपापली जुडी आणून टाकत होती. पानं आधी पेटतात, चरचर आवाज होतो आणि ठिणग्यांचा लोट वर जातो. त्रेबिन्येच्या घरी खरी चूल होती, तेता सांगत होत्या. नाताळच्या सकाळी पहिला पाहुणा, पोलोझाय्निक, यायचा आणि ओंडक्याला काठीने टोचायचा. जितक्या ठिणग्या उडतील तितकी मेंढरं, तितकी वासरं, तितकं आरोग्य या घरात येवो, असं म्हणायचा. आणि त्याच्या आदल्या रात्री कोण जागायचं? माझे आजोबा, त्या म्हणाल्या. आम्ही मुलं म्हणायचो आम्हीही जागणार, आणि सगळे झोपून जायचो. मग ओंडका मधोमध तुटला की ते आम्हाला उठवायचे.

हे सांगताना त्यांनी शब्द वापरला तो ‘बूदियो’. ‘प्रोबूदियो’ नाही. दर वर्षी, पुन्हापुन्हा.

मी विचारलं, वाक्य वहीत घेऊ का?

‘देद नास ये बूदियो.’ आजोबा आम्हाला उठवायचे. पानावरचं तिसरं वाक्य हेच. पहिलं पाचच्या पाळीचं, दुसरं तान्ह्या बाळाचं.

८ जानेवारी

सदतिसावं पान पूर्ण. चौकट मागच्या एकोणीस पानांत घालून झाली, सतरा बाकी. अडतिसावं क्रियापद स्पावाती, म्हणजे झोपणे. धातू स्वप्.